हात लावण्याआधी

कारखान्यात माणसं दिवसभर लोखंडाला हात लावतात, एकमेकांना फारसा लावत नाहीत. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत टर्निंगवाल्या काकांना जॉबवरून नुसतं बोट फिरवलं की फिनिश कळतो. शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा तळहात गार की गरम हे मात्र त्यांना ठाऊक नसतं, आणि असायचं काही कारणही नाही. दसऱ्याला सोनं देताना बोटांना बोटं लागतात, कुणी निवृत्त होताना गळाभेट होते, तेवढंच. ऑफिसात तेही नाही. मी पर्चेसला आहे. टेबलापलीकडच्या माणसाशी माझा संबंध फायलींचा, कोटेशनांचा आणि चहाचा. त्यामुळे प्रथमोपचाराच्या वर्गात सिस्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं, "शेजारच्याच्या दोन्ही खांद्यांना धरा, हलवा आणि मोठ्यानं हाक मारा," तेव्हा खोलीभर जी चुळबूळ झाली ती मला फार बोलकी वाटली. शिकायला आलो होतो छाती दाबायला, आणि अडलो होतो खांद्यापाशीच.

सिस्टर सरकारी रुग्णालयात सगळी नोकरी करून निवृत्त झालेल्या. आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. मेंटेनन्सच्या फिटरदादांच्या शेजारी नेमके प्लँट हेड बसले होते. दादा हात अर्ध्यावर धरून म्हणाले, "साहेबांना कसं हलवू?" सिस्टर म्हणाल्या, "हलवा. साहेब उठून बसले तर माफी मागा. नाही उठले तर त्या घडीला तुमच्याशिवाय त्यांचं कुणी नाही." दादांनी हलवलं. साहेबांनीही डोळे मिटून घेतले होते, आणि खोलीतलं हसू तिथंच थांबलं.

या सगळ्या शिक्षणाचा खरा विषय वैद्यक नाही, स्पर्श आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. श्वास बघायचा, छाती दाबायची, रक्त थांबवायचं, यातलं काहीही समजायला अवघड नाही. आठवीतलं पोर ते शिकतं. अवघड आहे ते परक्याच्या अंगाला, त्यानं न विचारता, हात लावणं. आपल्याकडे कुणी कुणाला शिवावं याचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. जातीचे, बाई-पुरुषाचे, हुद्द्याचे, वयाचे. ते मनातून गेले आहेत असं म्हणणाऱ्यांचेही हात पहिल्या काही सेकंदांत अडखळतात. आणि नेमके ते सेकंदच मोलाचे असतात. हृदय थांबलं की 4 ते 6 मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात एमआयडीसीच्या गर्दीतून कुठलीही गाडी पोहोचेल याची खात्री देता येत नाही.

खाली सतरंजीवर कमरेपर्यंतच्या रबरी बाहुल्या मांडल्या होत्या. त्यांचा चेहरा एका तरुण मुलीचा होता. डोळे मिटलेले, ओठांच्या कडेला किंचित हसू. या चेहऱ्याचा इतिहास मी नंतर शोधून वाचला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये सीन नदीतून एका अनोळखी मुलीचं प्रेत काढलं, शवागारातल्या कुणाला तो चेहरा इतका आवडला की त्याचा साचा घेतला गेला, आणि तो मुखवटा घराघरांतून भिंतीवर लागला, अशी कहाणी आहे. कहाणी किती खरी याबद्दल जाणकारांत वाद आहे, मुखवटा मात्र खरा. नॉर्वेतल्या स्टावांगर गावी आस्मुन्ड लेर्डाल नावाचे खेळणी करणारे उद्योजक होते. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवण्यात त्यांचा हात बसलेला. बुडणाऱ्या आपल्या लहान मुलाला त्यांनी स्वतः वाचवलं होतं. तोंडाने श्वास देण्याचं शिक्षण सामान्य माणसाला देता येईल अशी बाहुली हवी, असं काही डॉक्टरांनी त्यांना सुचवलं, तेव्हा नातेवाइकांच्या घरी पाहिलेला तो मुखवटा त्यांना आठवला. 1960 मध्ये बाहुली तयार झाली. चेहरा बाईचा ठेवला, कारण पुरुषाच्या तोंडाला तोंड लावायला शिकणारे पुरुष कचरतील असं त्यांना वाटत होतं.

म्हणजे या विद्येच्या उगमाशीच संकोचाचा विचार झालेला आहे. शिकणाऱ्याचा हात मागे फिरू नये म्हणून बाहुलीला बाईचा चेहरा मिळाला. पण चेहऱ्याखालची छाती सपाट राहिली, आणि आजही बहुतेक वर्गांत ती तशीच असते. या सपाटपणाची किंमत कोण मोजतं? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की सार्वजनिक जागी हृदय बंद पडून कोसळलेल्या पुरुषांपैकी 45 टक्क्यांना आसपासच्या माणसांनी छातीवर दाब दिला, स्त्रियांपैकी 39 टक्क्यांना. हे तिथलं. आपल्या बसस्टँडवर, आपल्या कारखान्यात ही दरी किती असेल याचा अंदाज करायला मला आकड्यांची गरज वाटत नाही. साडी सारखी करणं, पदर नीट करणं, "बायकांना बोलवा रे," आणि बायका येईपर्यंत थांबणं. डिस्पॅचच्या मुलीने सिस्टरांना हे सरळ विचारलं: "मॅडम, मी पडले तर हे सगळे दादा लोक काय करतील?" प्रश्न सिस्टरांना होता, पण उत्तर सिस्टरांनी दिलं नाही. त्या पुरुषांच्या रांगेकडे बघत राहिल्या. शेवटी टूलरूमचे एक वयस्कर काका म्हणाले, "बाळा, आम्ही दाबू. तुझ्या घरच्यांना मी सांगेन." त्या वाक्यातला दुसरा भाग मला विसरता येत नाही. घरच्यांना काय वाटेल हा विचार त्यांच्या मनात आधीच येऊन बसलेला होता, आणि त्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला.

तोंडाने श्वास देण्याची गोष्ट आली तेव्हा आणखी एक जुना अडसर दिसला. उष्टं. एकाच तांब्यातून वरून पाणी पिणारी माणसं आपण. ओठाला ओठ लावायची कल्पनाच घशाखाली उतरत नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी 2017 मध्ये जी पद्धत मांडली, तीत तोंडाने श्वास देणं वगळून फक्त छातीवरचा दाब ठेवला आहे. काहीजणांना ती तडजोड वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. मोठं माणूस अचानक कोसळतं तेव्हा त्याच्या रक्तात थोडा वेळ पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो. तो फिरवत ठेवणं हे पहिलं काम. जे करायला माणूस धजावेल ते त्याला आधी शिकवा. बुडालेल्याला, लहान मुलाला श्वासाचीही गरज असते, आणि ते ज्यांना पुढे शिकायचं त्यांनी जरूर शिकावं. तिथं 30 दाबांमागे 2 श्वास असा हिशेब आहे.

दाबण्याचं कसब मात्र अंगातच उतरावं लागतं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर एका तळव्याची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. 5 ते 6 सेंटिमीटर खोल. मिनिटाला 100 ते 120 वेळा. वाचताना हे आकडे बिनचेहऱ्याचे वाटतात. गुडघे टेकून बसलं की कळतं, 5 सेंटिमीटर म्हणजे केवढं खाली. बाहुलीच्या आत एक पट्टी असते, दाब पुरेसा झाला की ती कट्‌कन वाजते. आमच्यातल्या सर्वांत दांडग्या फिटरदादांची पट्टी काही वेळाने वाजेना, आणि चवळीच्या शेंगेसारख्या डिस्पॅचच्या मुलीची सलग वाजत होती. सिस्टरांनी कारण दाखवलं. दादा दंडांच्या जोराने दाबत होते, ती कमरेपासून पूर्ण अंग झोकत होती. शिवाय दादा दाब पुरता सोडत नव्हते. छाती पूर्ण वर आली तरच हृदयात परत रक्त भरतं. भरलंच नाही तर पुढच्या दाबाला बाहेर जाणार काय? दाबण्याइतकंच सोडणं महत्त्वाचं, हे एकदा हाताला समजलं की लय आपोआप लागते.

मोजण्याचीही एक अडचण आहे, जी मराठीत शिकवणाऱ्यालाच कळावी. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस असं मोठ्याने म्हणत गेलं की जीभ जड होते आणि जिभेबरोबर हातही मंदावतो. सिस्टर म्हणाल्या, "एक ते दहा, तीन वेळा." सगळी खोली एका ठेक्यात आली.

2 मिनिटांत माणूस थकतो. थकल्याचं त्याला स्वतःला कळत नाही, दाब उथळ होतो. म्हणून पुढचा माणूस आधीच शेजारी गुडघे टेकून तयार हवा. बरगडी मोडल्याचा आवाज आला तर? "येईल. बरगडी सांधते," एवढंच सिस्टर म्हणाल्या. आणि कुणीतरी विजेचा झटका देणारं यंत्र आणायला धावलं पाहिजे. ते स्वतः बोलून सांगतं, कुठे चिकटवायचं, झटका द्यायचा की नाही, कधी दूर व्हायचं. आमच्या कंपनीत ते नव्हतं. मी पर्चेसची माणूस. कोटेशनं मागवली आहेत, आणि या एका खरेदीत सर्वांत स्वस्ताचा आग्रह मी धरणार नाही.

श्वासाबद्दल सिस्टरांनी जे सांगितलं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हृदय थांबल्यावरही काही माणसं थोडा वेळ अधूनमधून घशातून ओढल्यासारखा, घरघरीचा श्वास घेतात. बघणारे म्हणतात, "श्वास चालू आहे," आणि थांबतात. तो श्वास नव्हे. आपल्या घरांतून हा आवाज माणसं ओळखतात. तो ऐकला की कुणीतरी न बोलता देवघराकडे जातं, तुळशीपत्र आणि गंगाजल आणायला. पिकल्या पानाच्या उशाशी, दीर्घ दुखण्याच्या शेवटाला, ते यथायोग्यच आहे. पण चाळिशीतला माणूस चालत्या मशीनसमोर पडतो आणि तसा आवाज करतो, तेव्हा तो आवाज निरोपाचा नसतो. हृदय आत्ता थांबलंय, आत्ताच दाबायला घ्या, असं तो सांगत असतो. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. कुठलंच.

बेशुद्धीवरची आपली घरगुती औषधं हा एक वेगळाच प्रांत आहे. फिट आली की कांदा फोडून नाकाशी धरायचा, कांदा नसेल तर पायातली चप्पल. खोलीतल्या बहुतेकांनी हे पाहिलेलं होतं. झटके येत असताना काय करायचं ते इतकं साधं आहे: आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, दाबून धरू नका, तोंडात चमचा कोंबू नका, घड्याळ बघा, थांबल्यावर कुशीवर वळवा. 5 मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णालय. चप्पल नाकाला लावायला आपला हात धजावतो, आणि त्याच माणसाला कुशीवर वळवायला धजावत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या बिचाऱ्याला शुद्ध येते तेव्हा त्याच्याभोवती माणसं असतात आणि तोंडाशी पायताण असतं. त्यानंतर तो त्या माणसांत काम कसं करत असेल?

छाती दाबण्याची ही विद्या रुग्णालयात जन्मली असावी असं मला वाटत असे. तिची मुळं निम्मी तरी कामगारांच्या मरणात आहेत. अमेरिकेत वीज पसरत गेली तसे तारांवर काम करणारे लाइनमन धक्क्याने मरू लागले, आणि वीज कंपन्यांनी त्यावर संशोधनाला पैसे दिले. त्या कामात पडलेले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विल्यम काउवेनहोव्हन हे डॉक्टर नव्हते, विजेचे अभियंता होते. बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू करायचं तर तोवर शल्यविशारद छाती उघडून हाताने ते चोळत असत. काउवेनहोव्हन यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग चालू असताना गाय निकरबॉकर या तरुण सहकाऱ्याच्या ध्यानात आलं की झटक्याची जड उपकरणं छातीवर दाबली की वीज सोडण्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो. नुसत्या दाबाने रक्त फिरत होतं. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्याबरोबर त्यांनी हे 1960 मध्ये जगापुढे मांडलं. छाती उघडायची गरज उरली नाही. कुणाचेही हात चालणार होते.

1967 च्या जुलैत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे विजेच्या खांबावर रँडल चँपियन या लाइनमनचा हात उच्च दाबाच्या तारेला लागला. सुरक्षापट्ट्याला तो उलटा लटकला. खालचा त्याचा सहकारी जे. डी. थॉम्पसन वर चढला, त्याला एका हाताने सावरून धरलं आणि तोंडाने श्वास देत राहिला. रस्त्याने जाणाऱ्या रॉको मोराबितो या वृत्तपत्र छायाचित्रकाराने ते टिपलं, आणि त्या छायाचित्राला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. चँपियन 2002 पर्यंत जगला. मी ते चित्र बराच वेळ पाहिलं. दोन राकट पुरुष, आकाशात, तोंडाला तोंड. एकाच खांबावर चढणाऱ्या माणसांना एकमेकांच्या अंगाचं परकेपण परवडत नाही.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू सिस्टरांनी घोकून घेतली. विजेला चिकटलेल्या माणसाला तसाच हात लावला तर दोघं जातात. आधी मेन बंद. सांडपाण्याच्या चेंबरात किंवा बंद टाकीत कुणी पडलं तर धावत उतरायचं नाही. पहिल्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि सगळे आतच राहतात, अशा बातम्या आपण किती वर्षं वाचतोय. त्या मरणाऱ्यांत भित्रा कुणीच नसतो. हात लावण्याआधी क्षणभर थांबून बघायचं, आणि मग कुणाचंही काही न ऐकता लावायचा. हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी जमायला हवं, आणि ते फक्त सरावाने जमतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात वजनकाट्याजवळ एक माथाडी कामगार माल उतरवताना कोसळला. मला हे तिथल्या एका स्टोअरकीपरकडून कळलं. माणसं गोळा झाली, तळपाय चोळले, पाणी शिंपडलं, कुणी पाणी पाजायला गेलं. प्रथमोपचाराची पेटी कुलपात होती आणि चावी दुसऱ्या इमारतीत. प्रशिक्षण घेतलेली माणसं त्या कारखान्यात होती. ती सगळी कायम नोकरीतली, सगळी जनरल शिफ्टची, आणि सगळी आतल्या शेडमध्ये. काट्यापाशी होते ते दोन सिक्युरिटीवाले, ट्रकचा क्लीनर आणि त्याच टोळीतले माथाडी. त्यांना कुणी कधी बोलावलंच नव्हतं. तो माणूस वाचला नाही. दाबलं असतं तर वाचला असता असं म्हणता येत नाही. दाबलं गेलं नाही, एवढं म्हणता येतं.

1948 चा कारखाना कायदा 150 कामगारांमागे किमान एक पेटी सांगत असे, आणि त्या पेटीची जबाबदारी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या, कामाच्या वेळेत कायम हाताशी असलेल्या माणसावर टाकत असे. हाताशी असलेला, हे त्यातलं मर्म. रस्त्यावर मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांतून वाचवणारं संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिलं, 2019 मध्ये ते मोटार वाहन कायद्यात आलं. 2014 पासून महाराष्ट्रात 108 ची गाडी डॉक्टरसह येते, फुकट येते. पण ती कुणीतरी बोलवावी लागते, जे ब्लॉक की टी ब्लॉक, कुठल्या गल्लीतून वळायचं हे धड सांगावं लागतं, आणि गेटवर उभे असलेले ट्रक हलवून तिला वाट करून द्यावी लागते. ही सगळी कामं गेटवरचा माणूस करतो. रात्रपाळीला तर अनेकदा तोच एकटा जागा आणि मोकळा असतो.

आमच्या वर्गाच्या यादीत गेटवरचं एकही नाव नव्हतं. कँटीनचं नव्हतं, झाडलोट करणाऱ्या मावशींचं नव्हतं. मी पर्सोनेलमध्ये जाऊन विचारलं. तिथले साहेब भले आहेत. ते म्हणाले, "ती ठेकेदाराची माणसं, आपल्या पगारपत्रकावर नाहीत. उद्या ठेका बदलला की शिकवलेलं वाया." मला ते पटलं नाही आणि मी तसं म्हटलं. ठेका बदलला की तो माणूस दुसऱ्या गेटवर जाऊन बसेल, शिकलेले हात घेऊनच. संध्याकाळी तो दिघीतल्या किंवा मोशीतल्या चाळीत जातो, सुट्टीला लातूरकडे नाहीतर यवतमाळकडे गावी जातो. वाया कुठे गेलं? आणि ज्याच्या अंगाला आपण एरवी हातही लावत नाही, त्याच्याच हातात उद्या आपला जीव असणार आहे, तर ते हात आपणच शिकवलेले बरे. साहेब गप्प राहिले, मग म्हणाले, नावं द्या.

नावं दिली आहेत. रात्रपाळीचे चारही सिक्युरिटीवाले, कँटीनची पोरं, दोघी मावशी, आणि माथाडींच्या टोळीतून त्यांचे मुकादम सांगतील ते. मावशींपैकी थोरली म्हणाली, "मला लिहिता येत नाही, परीक्षा जमायची नाही." सिस्टरांना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, "लिहायचं काय आहे त्यात? गुडघे दुखत नाहीत ना, ते विचारा." रात्री दहाला पाळी बदलते तेव्हा वर्ग घ्यायलाही त्या तयार आहेत. मशीन शॉपच्या सुपरवायझरचा निरोप आलाय की एकदम सगळ्यांना सोडता येणार नाही, आधी कुणाला सोडू? मी कळवलंय, गेटवाल्यांना.